फुंकर कुठवर जाते

प्रसूतिकक्षातल्या सगळ्यात जुन्या सिस्टरला लोक चौकशीबाई म्हणत. पाठीमागे म्हणत असंही नाही. अगदी समोर, त्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावरून म्हणत. बाईंना त्याचं काही वाटत नसे. एकदा एका नव्या शिपायानं "चौकशीबाई कुठे भेटतील?" असं त्यांनाच विचारलं, तेव्हा बाईंनी "कशाला हव्यात, काम काय, कुणी पाठवलं, आणि तू उजवा पाय असा ओढत का चालतोस?" असं एका दमात विचारलं. त्या बिचाऱ्याला पुढे काही विचारावं लागलं नाही. बूट चावत होता, एवढं मात्र त्यानं सांगितलं.

जन्मजातच होती ही खोड. बाळ पहिल्यांदा रडतं तेव्हा स्वतःच्याच आवाजानं दचकत असेल का? दोन कळांच्या मध्ये बाईला एकदम गाढ झोप कशी लागते? जुळ्यांतलं पहिलं निघून गेलं की दुसऱ्याला आत मोकळं वाटतं की एकटं? असले प्रश्न त्या राउंडवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांना विचारत आणि डॉक्टरांना नेमकी तेव्हाच दुसऱ्या वॉर्डातली कामं आठवत. अशा माणसाचं हातातलं काम बहुधा बेताचं असतं. बाईंचं तसं नव्हतं. त्यांच्या पाळीत बाळंत होण्यासाठी बायका कळा दाबून धरायला तयार असत, असा विनोद वॉर्डात होता, आणि त्यातला अर्धा खरा होता.

त्यांची एक रीत होती. बाळाचं डोकं दिसू लागलं की आईनं जोर लावणं थांबवायचं असतं आणि हलके हलके फुंकर घालायची असते. नाहीतर बाळ धाडकन बाहेर येतं आणि टाके पडतात. हे सगळ्याच सिस्टर सांगतात. पण त्या घटकेला सांगितलेलं कुणाच्या डोक्यात शिरतं? म्हणून बाई सांगत नसत. खाली बाळ झेलायला त्यांची जोडीदार सिस्टर बसलेली असे. बाई सरळ बाळंत होणाऱ्या बाईच्या तोंडासमोर तोंड नेत, इतकं जवळ की हिचा श्वास तिच्या गालावर, आणि ओठांचा चंबू करून गरम चहावर घालतात तशी फुंकर घालू लागत. समोरची आपोआप तसंच करू लागे. पुढे कधी बाजारात भेटल्या तर त्या बायका म्हणत, "मला त्या दिवसाचं काही म्हणजे काही आठवत नाही. तुमचं तोंड तेवढं आठवतं."

मग तो आजार आला, आणि सगळ्यात आधी तोंडंच गेली.

मास्क आले, टोप्या आल्या, चेहऱ्यापुढे धरायच्या प्लास्टिकच्या काचा आल्या. कोण कोण आहे ते चालीवरून ओळखायचे दिवस आले. चांगले जाड मास्क, ज्यांना सगळे बदकाची चोच म्हणत, ते मोजके होते. ते वरच्या मजल्यावर, ऑपरेशन थिएटरला गेले. रोग्याच्या घशात भुलीची नळी घालताना श्वासातून आजार उडतो, म्हणून त्या वेळी थिएटरमधून सगळ्यांना बाहेर काढत, आत फक्त दोघं राहत, तीही नखशिखांत झाकलेली. प्रसूतिकक्षाला मात्र साधे, पातळ, निळे मास्क. नैसर्गिक बाळंतपणाचं नाव त्या धोक्याच्या कामांमध्ये नव्हतं.

"का नव्हतं?" बाईंनी विचारलं.

बाई हा प्रश्न घेऊन सरळ वरच्या मजल्यावर, भूलवाल्या डॉक्टरांकडे गेल्या. हे डॉक्टर उंच, सडपातळ आणि स्वभावानं गमत्ये होते. अख्ख्या इमारतीत बाईंना बघून जे वाट बदलत नसत असे बहुधा ते एकटेच.

"डॉक्टर, मला एक सांगा. तुमचा माणूस भूल देऊन गप्प पडलेला. नळी घालायला तुम्हाला लागतो तो घटकाभर वेळ. माझी बाई तासन् तास ओरडते, धापा टाकते, जोर लावते, आणि मी तिच्या नाकाशी नाक लावून उभी. मग धोका कुणाला जास्त?"

डॉक्टरांनी हातमोजे काढले, हात धुतले, पुसले, आणि मग म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. मला माहीत नाही."

"म्हणजे पुस्तकात नाही?"

"पुस्तक लिहिणाऱ्यांनाही अजून माहीत नाही, सिस्टर. आपण सगळे एकाच बाकावरचे."

बाईंना इतकं बरं वाटलं की त्या दिवसभर सगळ्यांशी गोड बोलल्या. कुणीतरी ‘माहीत नाही’ म्हणालं की त्यांना फार मोकळं वाटे. खरी गंमत तिथूनच सुरू होते असं त्यांचं मत होतं.

पण या वेळच्या प्रश्नात नुसती गंमत नव्हती. घरात नवरा होता, घड्याळं दुरुस्त करणारा, छातीनं अधू. हिवाळाभर त्याच्या खोकल्याच्या ठेक्यावर घर झोपत असे. आणि सून होती, पोटुशी. मुलगा बोटीवर नोकरीला, आणि त्याची बोट कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभी. कुणाला उतरू देत नव्हते. सुनेचं माहेर लांब, रस्ते बंद. म्हणून बाई घर सोडून हॉस्पिटलच्या आवारातल्या नर्सेसच्या वसतिगृहात राहायला आल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी त्या घराखाली जाऊन उभ्या राहत आणि सून गॅलरीत येई. मग खालून वर आणि वरून खाली संसार चाले.

सासूसुनेचं तसं वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. सून शाळेत गणित शिकवायची. तिला उत्तरं आवडत आणि सासूला प्रश्न, त्यामुळे एका घरात दोघींची कायम थोडी ओढाताण. दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच तिनं सांगून टाकलं होतं, "आई, राग मानू नका, पण बाळंतपणाला तुम्ही खोलीत नको. मला कळा येत असताना तुम्ही विचाराल, कळ नेमकी कुठून सुरू होते गं?" बाईंनी राग मानला नाही, कारण त्यांनी ते खरोखरच विचारलं असतं. तरी मनाला लागलं. गावभरच्या पोरांना पहिला हात लावला आणि आपल्याच नातवंडाला नाही, हे त्यांनी नवऱ्यापाशी बोलून दाखवलं. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. "वेळ आली की बोलवेल," एवढंच तो म्हणाला.

आणि तसंच झालं. सातवा संपत आला होता. एका सकाळी बाई खाली उभ्या, सून गॅलरीच्या कठड्याला धरून. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग सून एकदम म्हणाली, "आई, तुम्ही असाल ना तेव्हा? खोलीत?"

"मी तर प्रश्न विचारते."

"विचारा. पण असा."

"असेन," बाई म्हणाल्या. परतीच्या वाटेवर त्यांना रस्ता दिसत नव्हता. असा शब्द त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता, कारण बाळंतपणात शब्द द्यायचा नसतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आता फुंकर कुठवर जाते हे कळलंच पाहिजे होतं. आजारी पडलं की सगळंच मुसळ केरात.

एके दुपारी प्रसूतिकक्ष रिकामा होता. बाईंनी भूलवाल्या डॉक्टरांना खाली बोलावलं, खिडकीचे पडदे ओढले, छताजवळचा मोठा दिवा लावला आणि म्हणाल्या, "झोपा."

"मी?"

"मग काय मी? मला बघायचंय."

डॉक्टर बाळंतपणाच्या टेबलावर आडवे झाले. पाय ठेवायच्या जागी त्यांचे लांब पाय मावेनात, तेव्हा ते हवेतच राहिले. बाईंनी टाल्कम पावडरचा डबा घेतला आणि दिव्याच्या झोतात थोडी पावडर उडवली. खोली बंद, वारा नाही. झोतात कण नुसते तरंगत राहिले.

"हं, कळ आली. जोर लावा!"

डॉक्टरांनी गाल फुगवले.

"हे काय? शिंक आल्यासारखं काय करताय? जीव जातोय तुमचा. ओरडा!"

डॉक्टर ओरडले. आणि बाई बघतच राहिल्या. झोतातले कण डॉक्टरांच्या तोंडावरून उसळून पुढे गेले, छातीवरून, पोटावरून, पार पायथ्यापर्यंत. "फुंकर घाला आता," म्हणाल्यावर कणांची एक बारीक वाट सरळ समोर धावली. बाईंचं तोंड जिथे असायचं, नेमकी तिथून. उशाकडे, खांद्यामागे मात्र कण जवळजवळ हलत नव्हते. "आता कुशीवर. आता खोका." डॉक्टरही आता रंगात आले होते, त्यांच्या खोकल्यानं पावडर दिव्याच्याही वर गेली.

"थांबा, आणखी एक जोराची—" असं बाई म्हणत असतानाच दार उघडलं आणि मेट्रन आत आल्या. टेबलावर डॉक्टर पाय वर करून किंचाळतायत, आणि कक्षातली सगळ्यात जुनी सिस्टर त्यांच्यावर पावडर उधळतेय.

"मुलगा की मुलगी?" मेट्रननी विचारलं.

मग जी बोलणी बसायची ती बसली. पण बोलून झाल्यावर मेट्रन जायला वळल्या, परत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दिसलं काय?"

डॉक्टर उठून बसले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरेफटक झाले होते. "ही पावडर आहे, विषाणू नाही," ते म्हणाले. "यावरून छातीठोकपणे काही सांगता येणार नाही. पण मी सिस्टर असतो तर समोर उभा राहिलो नसतो. उशाशी, खांद्यामागे राहिलो असतो. आणि खिडकी उघडी ठेवली असती."

तेवढ्यानं बदल झाला. खिडकीची गंजलेली कडी तेल घालून सोडवली. टेबल फिरवून घेतलं. बदकाच्या चोची काही आल्या नाहीत, पण एका निळ्या मास्कवर दुसरा आला. आणि बाई समोरून उठून मागे गेल्या, उशाशी. मास्कमुळे ओठ दिसत नव्हतेच, आता डोळेही दिसेनात, म्हणून त्यांनी बाईच्या पाठीवर तळवा ठेवून श्वास मोजायला सुरुवात केली. हळू म्हणताना तळवा हळू फिरायचा. काही बायकांना ते समोरच्या तोंडापेक्षाही चालून गेलं आणि असं का, हा बाईंना नवाच प्रश्न मिळाला. जोडीदार सिस्टरला त्या रोज बजावत, "मास्क खाली घ्यायचा नाही. आभाळ कोसळलं तरी."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एक बाई आली, पहिलटकरीण, ऐकू न येणारी. ओठांवरून बोलणं वाचायची ती. घरात, दुकानात, सगळीकडे तिचं त्यावरच चाललेलं. आणि आता तिच्यापुढे चार मास्क आणि चार प्लास्टिकच्या काचा. तिच्यापुरती सगळी खोली मुकी झाली होती. सुरुवातीला पाटीवर लिहून भागलं. पण कळा भरात आल्यावर पाटी कोण वाचतं? बाईंनी पाठीवर तळवा ठेवला, तर ती दचकून मान वळवून मागे बघायची, कारण तिला सगळं डोळ्यांनी हवं होतं. डोकं दिसू लागलं. जोडीदार सिस्टर खालून ओरडली, "थांबवा तिला! फाटेल!" आणि ती थांबेना. कुणी काय सांगतंय तेच तिला कळत नव्हतं. तिच्या डोळ्यांतली ती भीती बाईंनी आजवर कुणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती.

बाई उशाकडून समोर आल्या. पुढची काच वर केली. दोन्ही मास्क हनुवटीखाली ओढले. आणि नाकाशी नाक नेऊन, ओठांचा चंबू करून, फुंकर घातली.

त्या बाईचे डोळे ओठांवर खिळले. तिनं फुंकर घातली. पुन्हा घातली. बाळ अलगद, बिनटाक्याचं बाहेर आलं. बाईंनी मास्क वर घेतले. कण कुठून कुठे जातात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली ही बाई, त्यांच्या ऐन वाटेत उभी राहिली होती.

दोन दिवसांनी त्या बाळंतिणीच्या तपासणीचा निकाल आला. आजार निघाला. आई आणि बाळ दोघंही ठणठणीत होती, एवढं बरं.

बाई रोज स्वतःची नाडी बघत, ताप बघत, घसा आरशात बघत. काही नव्हतं. भूलवाले डॉक्टर येता जाता दारातून अंगठा वर करून विचारत, त्याही अंगठा वर करत. मग एका सकाळी त्या वसतिगृहाच्या जिन्यात थबकल्या. झाडूवाली जिना पुसत होती.

"आज नुसत्या पाण्यानंच पुसतेस का गं? फिनाईल नाही घातलं?"

"एवढं घातलंय की माझ्या डोळ्यांना झोंबतंय, बाई."

बाई वाकल्या आणि बादलीत जवळजवळ डोकं घालून त्यांनी श्वास ओढला. काही नाही. साबण हुंगला, काही नाही. चहाच्या पातेल्यावर नाक धरलं, नुसती वाफ. एवढ्या काळजीतही त्यांच्या मनात आलंच, की वास जातो म्हणजे नाकातून जातो की डोक्यातून? आणि दुसऱ्याच क्षणी त्यांनी बोटांवर महिने मोजले. सुनेचा नववा सरत आला होता.

वसतिगृहाच्या टोकाची एक खोली त्यांना दिली. ताप बेताचाच होता, कणकण म्हणावी इतका. खरा त्रास वेगळाच. असेन म्हणून सांगितलं होतं. पुन्हा तशी वेळ आली तर मास्क खाली घेशील का, असं त्या स्वतःला विचारत. सकाळी उत्तर हो यायचं, संध्याकाळी सुनेचा आवाज ऐकला की नाही यायचं, आणि मधल्या वेळात त्यांना स्वतःचा भयंकर राग यायचा. सुनेला फोनवर त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"तिला टाके नाही पडले?" सुनेनं विचारलं.

"नाही."

"बरं," सून म्हणाली आणि फोन ठेवला. त्या ‘बरं’चा अर्थ काय लावावा, हे बाईंना दोन दिवस कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पडद्यावर त्यांचाच प्रसूतिकक्ष, त्यांचीच खिडकी, त्यांचंच टेबल. सून आठवडाभर आधीच बाळंत व्हायला आली होती. घड्याळवाल्याला बाहेर बाकावर बसवलं होतं. फोन तिनं स्वतःच हातात धरला होता. पडद्यावर तिचं घामेजलेलं तोंड, मागे दोन निळ्या टोप्या.

"आई," ती धापा टाकत म्हणाली, "मला इथे कुणाचं तोंडच दिसत नाहीये. सगळे नुसते डोळे. तुमचं दाखवा."

बंद खोलीत बाई एकट्याच होत्या. मास्क लावायचं कारणच नव्हतं. सगळ्या हॉस्पिटलात तेवढं एकच तोंड उघडं होतं. त्यांनी फोन भिंतीला टेकवला, पदरानं काच पुसली आणि तोंड जवळ नेलं.

"बघ माझ्याकडे. इकडेतिकडे नको."

फोनमधून जोडीदार सिस्टरचा आवाज आला, "डोकं दिसतंय!" बाईंनी ओठांचा चंबू केला. सुनेनं केला. बाईंनी फुंकर घातली, सुनेनं घातली. एक कळ गेली, दुसरी आली. बाईंच्या डोक्यात त्या दुपारी एकही प्रश्न नव्हता. खोकला आला तर तो गिळून त्या फुंकर घालत राहिल्या, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी घालत राहिल्या. समोरचे डोळे त्यांच्या ओठांवरून हलले नाहीत. आणि मग सुनेच्या हातातून फोन सुटला.

पडद्यावर छत आलं. छताचा एक कोपरा, दिव्याची कड. धावपळ ऐकू येत होती, कुणीतरी "आलं, आलं" म्हणत होतं, आणि मग नुसतं शांत. बाई फोनला दोन्ही हातांनी धरून त्या छताकडे बघत होत्या. इतक्या वर्षांत या क्षणाला त्यांना काही करायचं नसलं असं कधी झालं नव्हतं. मग रडणं आलं. कर्कश, खरखरीत, जिवंत.

बऱ्याच वेळानं छत हललं आणि सुनेचं तोंड दिसलं. केस कपाळाला चिकटलेले, ओठ कोरडे पडून पांढरे झालेले. "घ्या," ती हसत म्हणाली. "आता विचारा. मुलगा का मुलगी, वजन किती, आधी रडलं की आधी श्वास घेतला, विचारा काय ते. सगळं सांगते."

बाईंनी तोंड उघडलं. त्या सुनेच्या कोरड्या ओठांकडे बघत राहिल्या.

"तू पाणी प्यायलीस का गं?" त्यांनी विचारलं.

आणि इतका वेळ दात आवळून सगळं सहन केलेली ती गणिताची बाई, फोन छातीशी धरून, लहान मुलीसारखी रडायला लागली.